तटावरचा निळा कस्तूर

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या गडांच्या तटांवर, घाटातल्या कड्यांवर, अगदी शहरातल्या अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या कठड्यांवरही एक एकलकोंडा पक्षी ताठ बसलेला दिसू लागतो. आकार साधारण बुलबुलाएवढा, चोच मात्र लांब आणि काळी. हिमालयात वीण आटोपून आलेला हा निळा कस्तूर.

पुस्तकातल्या चित्रातला निळा रंग शोधत निघालं, तर ऑक्टोबरात हा पक्षी समोर असूनही ओळखू येत नाही. विणीनंतर नरानं जुनी पिसं टाकून नवी धारण केलेली असतात आणि त्या प्रत्येक पिसाला फिकट, काळसर कड असते. त्यामुळे सगळं अंग खवल्याखवल्यांचं, धुरकट दिसतं. हिवाळाभर या कडा झिजत जातात आणि खालची निळाई उघडी पडते. नवी पिसं न येताच, निव्वळ झिजेनं पक्षी देखणा होतो, ही निसर्गातली फार सुंदर युक्ती आहे.

रंगाबाबत आणखी एक अडचण. या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि निळा भास होतो. ऊन पक्ष्याच्या मागून येत असेल, तर नर सरळ काळा दिसतो. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी ठेवून पाहावं.

मादी करडी-तपकिरी असते, पोटावर बारीक आडव्या रेघा. तिची गल्लत चिरकाच्या मादीशी होते. पण चिरक लहानखुरा, शेपटी सतत उभारलेली आणि शेपटीखाली तांबूस. शीळ कस्तूर निळ्या कस्तुराहून मोठा, गर्द काळा-निळा, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळे ठिपके. त्याला ओढ्याकाठची सावली लागते. निळ्या कस्तुराला उघडा दगड प्रिय. बसल्या बसल्या तो झटकन वाकतो, शेपटी हलवतो, खाली किडा दिसला की झेपावतो आणि बहुधा आधीच्याच दगडावर परततो. वड-पिंपळाची फळंही त्याला चालतात.

आपल्याकडे येणाऱ्या उपजातीचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत केलं आणि तिला ‘पांडू’ हे नाव दिलं. पुढे डीएनएच्या अभ्यासानंतर हा पक्षी कस्तुरांच्या कुळातून फ्लायकॅचरच्या कुळात गेला. भूमध्य समुद्रातल्या माल्टाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे.

पहिल्याच हिवाळ्यातले नर आणखी फिके असतात. त्यामुळे ऑक्टोबरात नर की मादी हे ठरवण्याची घाई नको. हा पक्षी हिवाळाभर आपली जागा धरून राहतो. फेब्रुवारीत त्याच ठिकाणी पुन्हा गेलं, तर बहुधा तोच भेटतो आणि तोवर त्याची पिसंच उत्तर देऊ लागलेली असतात.