विश्लेषण : हँडीकॅम घेताय? आधी लॅपटॉप तपासा!

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज कॅमेरा दुकानात आयता मिळतो, पण अडचण पुढे येते. लग्न, कुस्ती किंवा फुटबॉलचा सामना शूट होतो आणि घरी आल्यावर फुटेज लॅपटॉपवर उघडतच नाही. तो क्षण पुन्हा मिळत नसतो. म्हणून कमी बजेटमध्ये कॅमकॉर्डर घेताना कॅमेऱ्याइतकाच विचार एडिटिंगचा करायला हवा.

मोबाइल असताना कॅमकॉर्डर कशाला?

दोन मिनिटांच्या रीलसाठी मोबाइल पुरेसा आहे. मात्र सलग दोन-तीन तास शूटिंग, बदलता येणारी बॅटरी आणि ऑप्टिकल झूम यासाठी कॅमकॉर्डर सोयीचा. खासबाग मैदानात मागच्या पायऱ्यांवरून हौद्यातली पकड टिपायची तर ऑप्टिकल झूमच हवा. डिजिटल झूम आहे तेच चित्र मोठे करतो, त्यामुळे ते फुटते. खोक्यावरचा झूमचा मोठा आकडा नेमका कशाचा, हे विचारून घ्या. बाहेरचा माइक जोडण्याची सोय आहे का, हेही पाहा.

फाइल उघडत का नाही?

‘एमपी-४’ हे डब्याचे नाव आहे. आत व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे, त्याला ‘कोडेक’ म्हणतात. ‘एच.२६४’ कोडेक बहुतेक सॉफ्टवेअर आणि जुने लॅपटॉपही हाताळतात. ‘एच.२६५’मध्ये फाइल लहान होते, पण ती उलगडायला ताकद जास्त लागते आणि जुना लॅपटॉप अडखळतो. कॅमेऱ्यात दोन्ही पर्याय असतील तर साध्या लॅपटॉपसाठी ‘एच.२६४’ निवडा.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी ‘एव्हीसीएचडी’ पद्धत आणली. अनेक हँडीकॅममध्ये ती आहे. त्यात फाइल ‘एमटीएस’ नावाने साठते आणि लांबलचक रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात. कार्डावरून एकेक फाइल उचलली तर जोडावर आवाज तुटू शकतो. म्हणून संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करावा.

कोणते सेटिंग ठेवावे?

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर शूट केल्यास हॉलमधील ट्यूबलाइट चित्रात लुकलुकू शकते. त्यामुळे २५ किंवा ५० फ्रेमचा पर्याय असलेला कॅमेरा घ्यावा. ‘५०-आय’ आणि ‘५०-पी’ असे दोन पर्याय दिसले तर ‘पी’ निवडा. ‘आय’मध्ये वेगाने हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीसारख्या रेघा दिसू शकतात.

‘फोर-के’ हवेच का?

हिशेब करून पाहा. सेकंदाला २८ मेगाबिटच्या फुल एचडी शूटिंगला तासाला सुमारे साडेबारा जीबी जागा लागते. १०० मेगाबिटच्या ‘फोर-के’ला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर पहिले सुमारे पाच तास मावते, दुसरे दीड तासही नाही. वर हार्ड डिस्क, बॅकअप आणि वेगवान लॅपटॉपचा खर्च वेगळा. यूट्यूब किंवा घरच्या कार्यक्रमासाठी चांगले फुल एचडी पुरते. नाव नसलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांवरील ‘फोर-के’ अनेकदा लहान चित्र ताणून मोठे केलेले असते. कार्ड मात्र ‘व्ही-३०’ दर्जाचे घ्यावे. त्यावर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिले जातात.

जुना कॅमेरा परवडेल का?

परवडेल, पण तो मेमरी कार्डावर चालणारा असावा. मिनी-डीव्ही टेपचा कॅमेरा स्वस्त दिसला तरी त्याला बहुधा ‘फायरवायर’ जोडणी लागते आणि आजच्या लॅपटॉपवर ती नसते. शिवाय एक तासाची टेप कंप्युटरवर घ्यायला एक तासच जातो. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी आणि चार्जर बाजारात मिळतात का, हेही विचारावे.

पैसे देण्यापूर्वी काय करावे?

स्वतःचे कार्ड आणि लॅपटॉप दुकानात न्या. पाच मिनिटे शूट करा, थोडे आत ट्यूबलाइटखाली, थोडे बाहेर रस्त्यावर. फाइल कॉपी करून तुम्ही वापरता त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. शॉटकट आणि केडेनलाइव्ह मोफत आहेत. डाव्हिंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे, मात्र तिच्यात काही प्रकारच्या फाइल चालत नाहीत. दोन तुकडे कापून जोडा, आवाज ओठांशी जुळतो का पाहा आणि तयार व्हिडिओ बाहेर काढा. नुसते अडखळत असेल तर सॉफ्टवेअरमधील ‘प्रॉक्सी’ची सोय वापरा, त्यात एडिटिंगपुरती हलकी प्रत तयार होते. फाइल उघडलीच नाही, तर तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी तुमच्यासाठी महागच.