विलंबाचा जाब

यंत्राचे आम्हांला कौतुक आहे. आंधळी भक्ती नाही. मेहकरचा विद्यार्थी आज उत्पन्नाच्या दाखल्यासाठी संगणकावरून अर्ज करू शकतो; पण प्रवेशाची मुदत टळल्यावर हाती आलेला दाखला काय कामाचा? २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने नेमके हेच ओळखले. अर्जाला क्रमांक, सेवेला कालमर्यादा, नकाराला लेखी कारण, अपिलाची सोय आणि पुरेशा कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. यंत्र विलंब दाखवील. त्याचा जाब मात्र नागरिकानेच विचारला पाहिजे. कालमर्यादा उलटताच अपील करणे हा भांडखोरपणा नव्हे, ते कर्तव्यच होय. ते टाळले, तर संगणक म्हणजे केवळ नवा दप्तरखाना ठरेल!