न आवडलेला खाद्यपदार्थ परत करण्याचा प्रश्न : ग्राहक संरक्षण कायद्याच्या संदर्भात

सुपरमार्केटमधून आणलेले लोणचे घरी आवडले नाही, तर ते परत करता येते का, यावरून ग्राहक व विक्रेता यांच्यात वाद उद्भवतात. ग्राहक मोजलेल्या पैशांचा दाखला देतो, तर विक्रेता बिलावरील 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या वाक्याचा. वस्तुतः दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) नुसार कायदा, करार अथवा विक्रेत्याचा दावा यांनुसार अपेक्षित असलेला दर्जा, प्रमाण वा शुद्धता यांतील उणीव म्हणजे 'दोष' होय. केवळ नावड ही या व्याख्येत बसत नाही. उघडलेला पदार्थ पुन्हा विकता येत नसल्याने विक्रेत्याचा नकारही समजण्याजोगा असतो. मात्र बुरशी असणे किंवा 'साखर घातलेली नाही' असे छापूनही साखर आढळणे, हा दोष ठरतो. असा माल बिलातील मुदतीत, मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावरील छापील वाक्याने हा हक्क नाहीसा होत नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. कलम ३८ नुसार जिल्हा आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; परंतु एका बरणीसाठी इतका खटाटोप सामान्य ग्राहक क्वचितच करतो. म्हणून बिल, वेष्टन व उरलेला पदार्थ जपून ठेवणे आणि प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविणे अधिक व्यवहार्य ठरते. सारांश, नावडलेला पदार्थ परत घेणे हे विक्रेत्याचे सौजन्य असून सदोष पदार्थ परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.