मारिओ चालतो, पण चिप कळते का?

“मोबाइलवर मारिओ चालतोच की! मग त्या जुन्या प्रोसेसरचे ट्रान्झिस्टर एकेक करून मोजत कशाला बसायचं?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढतो. जुन्या यंत्राचे गेम नव्या यंत्रावर चालवणारा इम्युलेटर आणि जुन्या प्रोसेसरचं ट्रान्झिस्टर पातळीवरचं सिम्युलेशन ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, असा समज या प्रश्नामागे असतो. तो साफ चुकीचा आहे.

उदाहरण ६५०२ या प्रोसेसरचं घेऊ. एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने तो १९७५ साली २५ डॉलरला विकायला आणला. त्या वेळच्या इतर प्रोसेसरांच्या किमती याच्या कितीतरी पट होत्या. अ‍ॅपल-२, कमोडोर पेट आणि बीबीसी मायक्रो या संगणकांत तोच होता. १९८०च्या दशकात ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये आलेले संगणक बीबीसी मायक्रोच होते. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला डबा जोडून मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेट लावल्या, त्यांच्या डब्यातही याच कुळातली चिप होती.

या प्रोसेसरचा इम्युलेटर लिहिणारा माणूस मॅन्युअल उघडतो. ‘ए९ ही सूचना आली की पुढचा बाइट अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत) ठेवावा’ असं तिथे लिहिलेलं असतं. तो तेच आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहितो. मॅन्युअलमधल्या १५१ सूचना अशा लिहून झाल्या की गेममधल्या सूचना चालू लागतात. हे काम कष्टाचं आणि मोलाचं आहे. पण लिहिणाऱ्याला जे ठाऊक आहे तेवढंच त्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं.

ट्रान्झिस्टर पातळीवरच्या सिम्युलेशनची वाटच निराळी. ग्रेग जेम्स, ब्रायन सिल्व्हरमन आणि बॅरी सिल्व्हरमन यांच्या ‘व्हिज्युअल ६५०२’ प्रकल्पात चिपचं आवरण काढून आतल्या सिलिकॉनचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले गेले. मग वरचे थर उतरवून खालच्या थराचे फोटो घेतले आणि प्रत्येक थरातली प्रत्येक आकृती संगणकावर गिरवली. त्यातून ट्रान्झिस्टर सापडतात ते साध्या भूमितीने: पॉलिसिलिकॉनची पट्टी जिथे खालच्या, अशुद्धी मिसळलेल्या सिलिकॉनच्या पट्टीला ओलांडते, तिथे ट्रान्झिस्टर असतो. असे ३५१० ट्रान्झिस्टर निघाले. त्यांखेरीज तारांना ‘एक’कडे ओढून धरणारे १०१८ पुल-अप होते. एकूण ४५२८. हे काम २०१० साली सिग्राफ या संगणक-चित्रण परिषदेत मांडलं गेलं.

आता हे नीट लक्षात घ्या. या सिम्युलेशनजवळ एक यादी असते: कोणत्या ट्रान्झिस्टरचं कोणतं टोक कोणत्या तारेला जोडलं आहे. आणि थोडे नियम असतात. ट्रान्झिस्टरच्या गेटवर, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या टोकावर, ‘एक’ आला की त्याची बाकीची दोन टोकं जोडली जातात. अशा जोडल्या गेलेल्या तारांचा गट पाहायचा. गटात कुठेही ग्राउंड असेल तर सगळा गट ‘शून्य’. ग्राउंड नसेल, पण वीजपुरवठा किंवा पुल-अप असेल तर ‘एक’. यातलं काहीच नसेल तर तारेवर आधी जे होतं ते टिकून आहे असं मानायचं. बस्स. बेरीज म्हणजे काय, ए९ म्हणजे काय, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तरीही ए९ चे आठ बिट आत सोडले की योग्य तारा योग्य क्रमाने जाग्या होतात आणि पुढचा बाइट अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये जाऊन बसतो. आणि याला लोक “आणखी एक इम्युलेटर” म्हणतात!

फरक पटत नसेल तर ए७ ही सूचना पाहा. मॅन्युअलमध्ये ती नाही. ए५ आहे, ती मेमरीतला बाइट अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये आणते. ए६ आहे, ती तोच बाइट एक्स रजिस्टरमध्ये आणते. खऱ्या चिपला ए७ दिली की बाइट दोन्हीकडे जातो. का? ए५ चे शेवटचे दोन बिट ०१, ए६ चे १०. सूचना ओळखणाऱ्या डिकोडरमध्ये अ‍ॅक्युम्युलेटरची ओळ या दोनपैकी फक्त शेवटचा बिट तपासते आणि एक्सची ओळ फक्त त्याआधीचा. दोन्ही तपासायचे तर जास्त ट्रान्झिस्टर लागले असते आणि चिपवर जागा मोलाची होती. ए७ चा शेवट ११, म्हणून दोन्ही ओळी होकार देतात. इम्युलेटरला हे कुणीतरी वेगळं सांगावं लागतं. सिम्युलेशनमध्ये ते आपोआप घडतं, आणि कोणत्या तारेमुळे घडलं त्या तारेवर बोट ठेवता येतं.

इथे उत्साही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात: “म्हणजे हे शंभर टक्के मूळ चिपसारखंच!” तेही नाही. या सिम्युलेशनमध्ये ट्रान्झिस्टर हे फक्त चालू किंवा बंद होणारं बटण आहे. मधलं व्होल्टेज, तापमान, सिग्नल पोचायला लागणारा वेळ यांचा हिशेब त्यात नाही. ८बी या मॅन्युअलबाहेरच्या सूचनेत आतल्या त्याच तारांवर दोन रजिस्टरांची एकाच वेळी चढाओढ होते. खऱ्या चिपमध्ये तिचा निकाल चिपगणिक बदलतो, तापमानानेही बदलतो. सिम्युलेशन मात्र दरवेळी एकच उत्तर देतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“कंपनीच्या मूळ नकाशांवरून हे बनवलं.” नाही. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्यक्ष चिपच्या फोटोंवरून.

“मॅन्युअलबाहेरच्या सूचना अभियंत्यांनी गुपचूप ठेवल्या होत्या.” नाही. ए७ सारख्या सूचना ही डिकोडरमधल्या काटकसरीची फळं आहेत.

“इतकं हळू चालतं, मग उपयोग काय?” मूळ चिप सेकंदाला १० लाख चक्रं करायची आणि ब्राउझरमधलं सिम्युलेशन त्याच्या जवळपासही जात नाही, हे खरं. पण ते कोणत्याही क्षणी थांबवून प्रत्येक तार पाहता येते. मूळ चिपमध्ये हे शक्य नव्हतं.

“आजच्या प्रोसेसरचंही असंच करता येईल.” ६५०२ मधल्या रेघा काही मायक्रॉन रुंद होत्या, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणाऱ्या. आज एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक आणि धातूच्या अनेक थरांखाली.

“सगळे ट्रान्झिस्टर हाती आले म्हणजे प्रोसेसर कळला.” हा समज सर्वांत फसवा. एरिक जोनास आणि कॉनराड कोर्डिंग यांनी याच सिम्युलेशनवर डाँकी काँग, स्पेस इन्व्हेडर्स आणि पिटफॉल हे गेम सुरू करायला लावले आणि मेंदूविज्ञानाच्या पद्धती वापरून एकेक ट्रान्झिस्टर निकामी करून पाहिला. काही ट्रान्झिस्टर नसले की फक्त डाँकी काँग बंद पडायचा. पण म्हणून ते ‘डाँकी काँगचे ट्रान्झिस्टर’ ठरत नाहीत, हे त्यांनी २०१७ साली ‘प्लॉस कॉम्प्युटेशनल बायोलॉजी’मधल्या निबंधात बजावून सांगितलं. संपूर्ण माहिती समोर असूनही प्रोसेसरची रचना त्या पद्धतींच्या हाती लागली नाही.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं. मारिओ खेळायचा असेल तर इम्युलेटर घ्या, तो उत्तम आहे. पण ए७ दिल्यावर बाइट दोन्हीकडे का गेला, असं एखाद्या मुलाने विचारलं, तर इम्युलेटरजवळचं उत्तर एवढंच: ‘तसं लिहिलं होतं म्हणून.’ खरं कारण डिकोडरमधल्या त्या दोन ओळींत आहे आणि त्या पाहायला ट्रान्झिस्टरपर्यंत उतरावंच लागतं.