रस्त्याचा हक्क

मगरिबच्या अजानला दहा-पंधरा मिनिटे उरली, की शहरातील चौकांचे रूप बदलते. कामावरून सुटलेला रोजेदार दुचाकीवरून घराकडे निघालेला असतो. हँडलला फळांची पिशवी, मागे मुलगा आणि लक्ष सिग्नलपेक्षा घड्याळाकडे. दिवसभराचा रोजा, थकवा आणि त्यात मावळतीचा अंधुक उजेड. अशा वेळी एक छोटी चूकही जीवावर बेतते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचे प्राण गेले. त्यातील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. वळण घेणाऱ्या मोटारचालकाला दुचाकी आकाराने लहान दिसते, म्हणून ती दूर आहे असे वाटते. त्यासाठीच एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही सुरू राहतो. पण वळणावरच गाड्या उभ्या असतील, फळांची हातगाडी कोपऱ्याला लागली असेल, तर तो दिवा दिसणार कसा? मोटारीला जाणवतही नाही अशी सांडलेली वाळू वा खडी दुचाकी आडवी करते.

इस्लाममध्ये या गोष्टी किरकोळ नाहीत. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. रस्त्यावर बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क द्यावा, कोणाला त्रास देऊ नये, अशीही त्यांची शिकवण आहे. इफ्तारचा बाजार वळणापासून थोडा मागे लावणे, नमाजला येताना कोपरा मोकळा सोडून गाडी लावणे, सांडलेली खडी झाडून टाकणे, खड्ड्यांसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणे, ही कामे मोहल्ल्यातील तरुण सहज करू शकतात.

राहिला प्रश्न घाईचा. वेळ होताच रोजा सोडावा, हे खरे. पण तो घरी पोहोचूनच सोडावा, असे बंधन नाही. खजूर किंवा पाण्याचा एक घोटही पुरेसा आहे. खिशात दोन खजूर ठेवावेत, अजान झाली की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी. तरावीहसाठी जवळच जायचे असले तरी हेल्मेट घालावे, मागे बसणाऱ्यालाही द्यावे.

दस्तरखानावर बसलेल्या घरच्यांना पाच मिनिटांचा उशीर चालतो. त्यांना आपला माणूस सुखरूप हवा असतो.