एक उदासी, दोन आजार

नैराश्यात बुडालेल्या माणसाकडे नुसतं पाहून त्याला कोणता आजार आहे, हे सांगता येत नाही. दोन-दोन आठवडे मन खचलेलं, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, आपण सगळ्यांना भार झालो आहोत ही टोचणी आणि कधी मरणाचे विचार. निव्वळ नैराश्याच्या आजारात हेच दिसतं आणि बायपोलर आजारातल्या, म्हणजे नैराश्य आणि उन्माद दोन्ही येणाऱ्या आजारातल्या, नैराश्याच्या काळातही जवळपास हेच दिसतं. पण पहिल्या आजारात जी गोळी माणसाला उभं करते, तीच दुसऱ्या आजारात एकटी दिली तर काहींना उन्मादाकडे ढकलू शकते. हा फरक ओळखायचा तर रुग्णाचं मागचं आयुष्य विचारावं लागतं, आणि ते डॉक्टरांपेक्षा घरच्यांना जास्त ठाऊक असतं.

वाटणी कशी झाली

खिन्नता आणि उन्माद एकाच माणसात आलटून पालटून येतात, हे अरेटियस या ग्रीक वैद्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये फालरे आणि बायारझे या दोन डॉक्टरांनी या चक्राचं स्वतंत्र आजार म्हणून वर्णन केलं. आधी कुणी केलं, यावरून त्यांच्यात वादही झाला. १८९९ मध्ये जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिन यांनी हे चक्र आणि पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य, दोन्ही एकाच आजारात जमा केली. त्यांचा अधिकार एवढा होता की ही मांडणी अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

१९५७ मध्ये कार्ल लिओनहार्ड यांनी ती मोडली. ज्यांना फक्त नैराश्याचे झटके येतात आणि ज्यांना नैराश्य व उन्माद दोन्ही येतात, ते रुग्ण वेगळे मानावेत, असं त्यांनी सुचवलं. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी आपापल्या देशांत रुग्णांच्या घराण्यांचा अभ्यास केला. बायपोलर रुग्णांच्या नातेवाइकांत बायपोलर आजार जास्त आढळला. निव्वळ नैराश्याच्या रुग्णांच्या घराण्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे या वाटणीचा पहिला भक्कम पुरावा कुटुंबाच्या इतिहासातूनच आला. १९८० मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत हे दोन आजार अधिकृतपणे वेगळे झाले.

आकडेही वेगळं चित्र दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २८ कोटी लोकांना नैराश्य होतं, तर सुमारे ४ कोटींना बायपोलर आजार. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. बायपोलर दोघांत साधारण सारखाच. नैराश्य कोणत्याही वयात गाठतं. बायपोलर बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा ३५ ते ४० टक्के, तर बायपोलरमध्ये ६० टक्क्यांच्या वर मानला जातो.

न दिसणारी बाजू

उन्माद ओळखणं अवघड नसतं. माणूस तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, बोलणं थांबत नाही, डोक्यात बेतांवर बेत येतात. कर्ज काढून धंदा, दागिने मोडून गुंतवणूक, अडवलं तर संताप, कधी आपल्याला दैवी शक्ती मिळाल्याचा ठाम विश्वास. हे आठवडाभर चाललं किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर निदान पक्कं होतं. असं झाल्यावरही कित्येक घरं आधी देवऋषाकडे जातात, पण किमान काहीतरी घडतंय हे सगळ्यांना कळलेलं असतं.

खरी अडचण सौम्य उन्मादाची आहे. हा चार दिवसांचाही असू शकतो आणि त्यात काम अडत नाही, उलट वाढतं. मुलगा रात्री जागून अभ्यास करतो, सून घर एकहाती आवरते, भाऊ चार नव्या ओळखी काढतो. घरचे म्हणतात, ‘आता कुठे गाडी रुळावर आली.’ अशा दिवसांत कुणी डॉक्टरकडे जात नाही. जातो तो उतरणीला लागल्यावर, आणि तेव्हा तो फक्त उदासी सांगतो.

हा उतार लांबही असतो. अमेरिकेत लुइस जड आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आठवड्या-आठवड्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. २००२ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत तीव्र उन्माद येणाऱ्या बायपोलर रुग्णांचे ३२ टक्के आठवडे नैराश्यात गेले होते आणि उन्मादात जेमतेम ९ टक्के. सौम्य उन्माद येणाऱ्या रुग्णांत नैराश्याचे आठवडे निम्मे होते आणि सौम्य उन्मादाचे एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे जो काळ निदान ठरवतो, तोच सर्वांत थोडा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ६९ टक्के बायपोलर रुग्णांनी आपलं आधीचं निदान चुकलं होतं असं सांगितलं. त्यातलं सर्वांत नेहमीचं चुकीचं निदान नैराश्य हेच होतं.

काही खुणा सावध करतात. नैराश्य पंचविशीच्या आत सुरू होणं, झटके वारंवार आणि अचानक येणं, भास किंवा भ्रम होणं, बाळंतपणानंतर लगेच आजार उफाळणं, गोळ्यांनी एकाएकी जास्तच उत्साह चढणं आणि जवळच्या नात्यात बायपोलर आजार असणं. यातली एखादी खूण म्हणजे निदान नव्हे. पण ती दिसली तर डॉक्टरांना सांगायलाच हवी.

उपचारांचे दोन रस्ते

निव्वळ नैराश्यात नैराश्यविरोधी गोळ्या आणि समुपदेशन हे मुख्य उपचार. पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणं जवळपास पूर्ण जातात. बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडावं लागतं.

बायपोलरचा पाया मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिलं आणि आधुनिक मानसोपचाराला नवं औषध मिळालं. आजही ते महत्त्वाचं आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करतं. मात्र त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांतलं अंतर थोडं असतं, म्हणून रक्तातली पातळी, थायरॉईड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या नेमाने कराव्या लागतात. जुलाब-उलट्या, कडक उन्हातला घाम, मनाने घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या यांनीही पातळी चढू शकते. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाला नैराश्यविरोधी गोळीची जोड दिली तर जास्त गुण येतो का, हे २००७ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत तपासलं गेलं. बायपोलर नैराश्यात तसा फायदा दिसला नाही. झोपेची ठरलेली वेळ मात्र इथे औषधाइतकीच जपावी लागते, कारण एखाद-दोन रात्रींचं जागरणही उन्माद सुरू करू शकतं.

आपल्याकडे २०१५-१६ मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण चित्र परकं नाही. दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेलं होतं, आणि बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. ‘कासव’ या मराठी चित्रपटाने नैराश्याचा विषय राष्ट्रीय सुवर्णकमळापर्यंत नेला. आता घराघरात याबद्दल बोललं जातंय, हे फार चांगलं झालं. पण त्या बोलण्यात उदासीइतकंच उत्साहालाही स्थान हवं.

म्हणून घरातल्या कुणाला नैराश्यासाठी पहिल्यांदा दाखवायला नेताना एक कागद सोबत न्यावा. मागच्या काही वर्षांत झोप कमी आणि जोर जास्त असे दिवस कधी आले, तेव्हा पैसा कसा खर्च झाला, भांडणं किती झाली, आजी-मामा-काकांपैकी कुणाला काय झालं होतं, हे सगळं त्यावर लिहावं. लपवायचं काहीच नाही. लपवलेली माहितीच चुकीच्या गोळीपर्यंत नेते. तज्ज्ञ गावात नसला तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मरणाचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर कागदासाठीही थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.