कॉलेजचा ईमेल बंद होण्याआधी धंद्याची किल्ली बाहेर काढा



कॉलेजच्या ग्रुपवर एक दिवस निरोप येतो: ‘सिस्टीम बदलत आहे. जुने ईमेल अमुक तारखेपर्यंतच चालतील. आपला डेटा काढून घ्यावा.’ बहुतेक जण त्यावर अंगठा दाबतात आणि विसरून जातात. ज्यानं त्या ईमेलवर फक्त नोट्स मागवल्यात, त्याचं फार बिघडत नाही. पण ज्यानं त्याच ईमेलवर धंद्याची खाती उघडलीत, त्याचं गाडं तिथंच रुततं. व्हिडिओत हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे नीट समजून घेऊ.

बदल का होतात?

आपल्या बीड जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. विद्यापीठ असो की कॉलेज, त्यांची सॉफ्टवेअर बदलतच राहणार. शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात तयार झालेली ‘समर्थ’ प्रणाली आता महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतही आली आहे. दुसरीकडे, गूगल पूर्वी शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देत होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी धोरण बदललं आणि जुलै २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी जागा ठरली. मग जगभरातल्या अनेक विद्यापीठांनी जागेवर मर्यादा घातल्या, शिकून गेलेल्यांची खाती बंद केली. यात कुणाची चूक नाही. पत्ता त्यांचा, नियम त्यांचे.

आता याच्या उलट उदाहरण बघा. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल नुकतेच झोहो या भारतीय कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर गेले. एवढं मोठं स्थलांतर झालं, पण पत्ते ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हेच राहिले. कारण डोमेन सरकारचं स्वतःचं आहे. सॉफ्टवेअर बदललं, पत्ता बदलला नाही. आपल्याला आपल्या धंद्यात नेमकं हेच साधायचं आहे.

अडचण कुठे येते?

समजा, तुम्ही अंबाजोगाईला शिकताय आणि धारूरच्या डोंगरातल्या सीताफळाचा गर काढून विकताय. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, मागणी चांगली आहे. उद्यम नोंदणी, अन्न परवाना, जीएसटी, गूगलवरचं दुकानाचं पान, इन्स्टाग्राम, सगळं कॉलेजच्या ईमेलवर. ऐन हंगामात पासवर्ड विसरला, ओटीपी गेला जुन्या ईमेलवर आणि तो ईमेल बंद! जीएसटीचं लॉगिनच हातात नसेल, तर ईमेल-मोबाइल बदलून घ्यायला कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं लागतं. इकडे फळ तर चार दिवससुद्धा थांबत नाही.

आणखी एक गोष्ट. गावाकडे बरेच अर्ज नेट कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरले जातात. घाईत तिथल्या भाऊंचाच ईमेल आणि मोबाइल टाकला जातो. तुमचा ईमेल कॉलेजचा नसेलही, पण तो भाऊंचा असेल तर अडचण तीच. आधी हे तपासा.

कामाला लागा, या क्रमानं

१. यादी करा. जुन्या इनबॉक्समध्ये ‘ओटीपी’, ‘व्हेरिफाय’, ‘वेलकम’, ‘इन्व्हॉइस’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. कुठे कुठे खातं उघडलंय ते दिसेल. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲप-वेबसाइटना हे खातं जोडलंय तेही बघा. वहीत लिहून काढा.

२. धंद्यासाठी वेगळा ईमेल उघडा. घरचा वेगळा, धंद्याचा वेगळा. रिकव्हरीला स्वतःचा मोबाइल नंबर द्या. जमत असेल तर स्वतःचं डोमेन घ्या, पण ते स्वतःच्या नावावर घ्या आणि दरवर्षी नूतनीकरण चुकवू नका. मुदत संपली तर ते दुसरा कुणी घेऊ शकतो.

३. आधी पैसा आणि सरकार. बँक, जीएसटी, उद्यम, अन्न परवाना. जीएसटीत ‘नॉन-कोर’ दुरुस्तीतून ईमेल बदलतो, नव्या पत्त्यावर ओटीपी येतो. उद्यमची नोंदणी आणि दुरुस्ती दोन्ही मोफत आहेत. त्यासाठी कुणी फी मागितली तर ती सरकारची नाही, हे लक्षात ठेवा.

४. मग दुकानाचं पान. गूगल बिझनेस प्रोफाइलवर नवा ईमेल ‘ओनर’ म्हणून जोडा. नव्या ओनरला मुख्य मालकी मिळण्याआधी ७ दिवस थांबावं लागतं. म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

५. डेटा हलवा. गूगल टेकआउटमध्ये शिक्षणसंस्थेच्या खात्यातले मेल आणि ड्राइव्हच्या फाइल वैयक्तिक गूगल खात्यात पाठवायची सोय असते. कॉलेजनं ती चालू ठेवली असेल तरच चालते. वैयक्तिक खात्यात १५ जीबीच जागा फुकट मिळते, आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून. आधी कचरा काढा.

६. महिनाभर दोन्ही खाती चालवा. जुन्यावरून नव्यावर ‘फॉरवर्डिंग’ लावा, ग्राहकांना नवा पत्ता कळवा. दुसऱ्या खात्यातला मेल पीओपीनं जीमेलमध्ये ओढून घ्यायची जुनी सोय २०२६ पासून बंद करत असल्याचं गूगलनं जाहीर केलंय. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

नोकरीतल्या मंडळींसाठी

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता आणि जोडीला क्लासेस किंवा छोटा धंदा करता? मग क्रम हाच, पण एक फरक आहे. कॉलेजच्या खात्यातलं सगळंच तुमचं नाही. विद्यार्थ्यांचे गुण, फोन नंबर, अर्ज हे संस्थेचं आहे. ते उचलून क्लासच्या जाहिरातीला वापरू नका. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, आणि कायदा नसता तरी ते बरोबर नव्हतंच. अशा खात्याला सरसकट फॉरवर्डिंगही लावू नका. आपलं तेवढं घ्या, संस्थेचं संस्थेला नीट सोपवा.

सावध राहा

सिस्टीम बदलायच्या काळात भामट्यांची चांदी असते. ‘तुमचा मेलबॉक्स बंद होतोय, इथे क्लिक करून पासवर्ड टाका’ असा मेल आला तर क्लिक करू नका. कॉलेजच्या कार्यालयात फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

या सगळ्या कामाला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. आज फक्त पहिली पायरी करा, वहीत यादी लिहा. यादीत दहापेक्षा जास्त नावं निघाली तर घाबरू नका. याचा अर्थ तुमचा धंदा खरंच उभा राहतोय. त्याची किल्ली तेवढी तुमच्याच खिशात ठेवा.

यादी करताना कुठे अडलात तर कमेंटमध्ये जरूर विचारा. भेटूया पुढच्या भागात!